बारा मोठी की वीस? छर्‍याच्या बंदुकीचं उलटं माप

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. चारच दिवसांनी महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ही जोडी स्कीटच्या, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायच्या खेळाच्या, मिश्र प्रकारात कांस्यपदकाच्या लढतीत चीनकडून ४३-४४ अशी हरली. अठ्ठेचाळीस तबकड्यांपैकी एका तबकडीचा फरक. रायफल-पिस्तूल मुंबईकराला निदान ऐकून माहीत आहे. अंजली भागवतमुळे वरळीच्या रेंजचं नावही अनेकांच्या कानावर आहे. हवेत भिरकावलेल्या तबकड्या फोडणारी ती लांब नळीची बंदूक मात्र बहुतेकांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न आला: ‘ती बंदूक बारा बोअरची असते म्हणे. मग वीस बोअरची जास्त ताकदवान बंदूक का घेत नाहीत?’

प्रश्न हसण्यासारखा अजिबात नाही. आकडा मोठा म्हणजे वस्तू मोठी, असंच कुणालाही वाटणार. इथं ते उलटं आहे. त्यात छर्‍यांचे नंबर वेगळे, ग्रॅम वेगळे आणि इंग्लंड-अमेरिकेची मापंही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

आकडा वाढला की नळी बारीक

छर्‍याच्या बंदुकीची, म्हणजे शॉटगनची, नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीतले पीळ तिच्यात नसतात. या नळीच्या भोकाचं माप म्हणजे बोअर. अमेरिकेत त्यालाच गेज म्हणतात. आपल्याकडे पोलीस ठाण्यापासून कोकणातल्या वाडीपर्यंत सगळे ‘बोअर’च म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

हे माप मोजायची रीत जुनी, वजनावरची. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसं घ्या. त्याचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. तेवढ्याच शिशाचे वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होणार, म्हणून वीस बोअरची नळी बारीक.

गिरणगावात वाढलेल्यांना हे सांगायची गरज नाही. सुताचा काउंट असाच ठरतो: एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात, तो त्याचा काउंट. वीस काउंटचं सूत जाडंभरडं, ऐंशीचं तलम. वजन ठरलेलं, त्याचे भाग जितके जास्त तितका प्रत्येक भाग बारीक.

मिलिमीटरमध्ये सांगायचं तर बारा बोअरचं भोक सुमारे १८.५ मि.मी., सोळाचं १६.८, वीसचं १५.६ आणि अठ्ठावीसचं १४. हे आकडे पाठ करायची गरज नाही. शिशाची घनता माहीत असली तर शाळेतल्या गोलाच्या सूत्रानंही ते काढता येतात. दहावीच्या पोरांना एकदा करायला द्यावं असं गणित आहे.

एक माप या रांगेत बसत नाही, ते म्हणजे ‘चारशेदहा’. हे बोअर नव्हे, सरळ भोकाचा व्यास आहे: ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मि.मी. बोअरच्या भाषेत सांगायचं तर ते सदुसष्ट-अडुसष्ट होईल. जुन्या पोलीसवाल्यांना हे माप ‘मस्केट’ या नावानं ठाऊक असतं. ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलींचं रूपांतर करून बनवलेली ती एकबारी हत्यारं अनेक वर्षं पोलिसांच्या हातात होती.

काडतूस उभं चिरलं तर

बंदूक निवडताना लोक नळीकडे बघतात. माझ्या मते आधी काडतुसाकडे बघावं, कारण बंदूक काय करणार हे बरंचसं तिथंच ठरतं.

कोकणातली ठासणीची बंदूक ज्यांनी भरताना पाहिली असेल त्यांना काडतूस लगेच कळेल. ठासणीत नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे आणि वरून पुन्हा बोळा, असं गजानं ठासत जातात. काडतुसात क्रम तोच. बुडाला पितळी टोपी, तिच्या मधोमध ठिणगी पाडणारी कॅप, वर दारू, दारूवर प्लॅस्टिकची वाटी (हिला वॅड म्हणतात), वाटीत छर्रे, आणि तोंड चांदणीसारख्या घड्या घालून बंद. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीची ही नळकांडी. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली आहेत.

काडतुसावर बोअरखेरीज तीन गोष्टी वाचायच्या. छर्‍यांचं वजन ग्रॅममध्ये. काडतुसाची लांबी मिलिमीटरमध्ये. आणि छर्‍याचा नंबर. हा नंबरही उलटाच चालतो: चार नंबरचा छर्रा जाड, नऊचा बारीक. त्यात आणखी एक खोडी म्हणजे इंग्रजी सात नंबर आणि अमेरिकी साडेसात नंबर हे दोन्ही छर्रे २.४ मि.मी.चेच. त्यामुळे नंबरावर वाद घालू नये, डब्यावर मिलिमीटर शोधावेत. ऑलिंपिकच्या नियमावलीतही छर्‍याचं माप मिलिमीटरमध्येच दिलेलं असतं.

‘बारा बोअर लांब मारते ना?’

हा समज इतका पक्का आहे की बंदूक बाळगणारेही तो बाळगून असतात. एकाच मापाचा शिशाचा छर्रा एकाच वेगानं सुटला, तर तो बारा बोअरमधून सुटला की अठ्ठावीसमधून, हे त्या छर्‍याला कळत नाही. आणि वेग जवळपास सारखाच असतो: बहुतेक काडतुसांमध्ये नळीच्या तोंडाशी सेकंदाला ३६० ते ४०० मीटरच्या दरम्यान. २.४ मि.मी.चा एकटा छर्रा कुठल्याही नळीतून निघाला तरी सारख्याच अंतरावर सारख्याच जोरानं लागतो.

फरक पडतो तो संख्येत. २.४ मि.मी.चे छर्रे २४ ग्रॅममध्ये साधारण २९५ बसतात, २८ ग्रॅममध्ये ३४५, २१ ग्रॅममध्ये २६०. चारशेदहाच्या १४ ग्रॅमच्या काडतुसात जेमतेम १७०. छर्रे सुटले की पसरत जातात. वीस मीटरवर १७० छर्‍यांचा फैलावही दाट असतो. पस्तीस मीटरवर त्याच फैलावात मोठमोठी भोकं पडतात, आणि कड दाखवत पळणारी तबकडी त्यातून सुखरूप निघून जाते. लहान बोअरची बंदूक ‘कमी लांब मारते’ म्हणतात ते यामुळे. छर्रे तिथवर पोचतात, पुरेसे पोचत नाहीत.

मोठ्या नळीचा आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चोवीस ग्रॅम छर्रे बारा बोअरच्या काडतुसात भरले तर त्यांची रास बुटकी होते. तेवढेच वीस बोअरमध्ये भरले तर रास साधारण चाळीस टक्क्यांनी उंच होते, कारण तळ लहान. बार उडतो तेव्हा खालच्या दारूचा रेटा सगळ्यात आधी तळाच्या छर्‍यांवर येतो. वरच्या राशीच्या वजनाखाली ते चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही, भरकटतो. रास जितकी उंच तितके चेपलेले छर्रे जास्त. कडक शिसं आणि प्लॅस्टिकची वाटी आल्यापासून हे बरंच कमी झालंय, पण संपलेलं नाही. चारशेदहाचं काडतूस म्हणजे या दोषाची परमावधी: उंच, अरुंद रास.

मग फैलाव कोण ठरवतं?

चोक. नळीच्या तोंडाशी भोक किंचित आवळलेलं असतं, त्या आवळण्याला चोक म्हणतात. आजकालच्या बंदुकांत ते आट्यांवर बसवायच्या छोट्या नळीच्या रूपात बदलता येतं. फरक मिलिमीटरच्या अंशांचा असतो, पण परिणाम मोठा.

मोजायची पद्धत अशी: चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावायचा, त्यावर बार टाकायचा, जिथं छर्रे दाट पडलेत तिथं तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतले छर्रे मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, पण बंदुकीबद्दल याहून खरं काही कळत नाही. पूर्ण आवळलेल्या ‘फुल’ चोकमध्ये सुमारे ७० टक्के छर्रे वर्तुळात सापडतात, ‘मॉडिफाइड’मध्ये ६०, ‘इम्प्रूव्ह्ड सिलिंडर’मध्ये ५० आणि अजिबात न आवळलेल्या ‘सिलिंडर’मध्ये ४०. हे टक्के बोअर बदलला म्हणून बदलत नाहीत. फुल चोकची बारा बोअर २९५ पैकी दोनशेच्या आसपास छर्रे वर्तुळात टाकते; तेवढाच चोक असलेली चारशेदहा कागदोपत्री हिशेबानं १२०, आणि चेपलेल्या छर्‍यांमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी.

म्हणून ‘बारा बोअर मोठी, तिचा फैलाव मोठा, नेम चुकला तरी लागतं’ हे अर्धसत्य आहे. फैलाव रुंद हवा असेल तर चोक सैल करायचा. बारा बोअर देते ती दाटी.

‘वीस हलकी, नवशिक्याच्या खांद्याला तीच बरी’

हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो, आणि विशेषतः मुलींना आणि सडपातळ अंगाच्या मुलांना. सल्ला देणार्‍याचा हेतू चांगला असतो, पण हिशेब अर्धवट.

बंदुकीचा धक्का दोन गोष्टींवर ठरतो: पुढं किती वजन किती वेगानं फेकलं, आणि मागं येणारी बंदूक किती जड आहे. तबकड्यांसाठीची बारा बोअर साधारण ३.६ किलोची असते. वीस बोअर २.८ किलोची धरू. दोन्हींत चोवीस ग्रॅमचं सारख्या वेगाचं काडतूस घातलं, तर पुढं गेलेला रेटा सारखा. पण हलकी बंदूक जास्त वेगानं मागं येते, आणि खांद्यावर आदळणारी ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ३.६ भागिले २.८. म्हणजे वीस बोअर जवळजवळ तीस टक्के जास्त ऊर्जेनं लाथ मारते. नाजूक खांदा बघून हलकी बंदूक दिली आणि त्याच खांद्याला जास्त मार दिला, असं होतं.

जुन्या इंग्रज बंदूककारांचा ठोकताळा होता की बंदुकीचं वजन छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. त्यानुसार २४ ग्रॅमला २.३ किलो पुरेसे आहेत, २८ ग्रॅमला २.७, आणि ३२ ग्रॅमला तीन किलोच्या थोडं वर. हा हिशेब दिवसाला दहा-पंधरा बार काढणार्‍या शिकार्‍यासाठी होता. तबकड्यांचा सराव म्हणजे एका दिवसात शंभर-दोनशे बार, तेव्हा बंदूक या ठोकताळ्यापेक्षा बरीच जड असलेली परवडते.

मग वीस बोअरचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. २१ ग्रॅमचं काडतूस घातलं तर धक्का आटोक्यात येतो. हाताच्या बळाचा प्रश्न असेल, साडेतीन किलोची बंदूक उचलून फिरवताना खांदे भरून येत असतील, तर वजन कमी हवंच. आणि अर्धस्वयंचलित बंदुकीत दारूचा काही वायू यंत्रणा फिरवण्यात खर्च होतो, त्यामुळे धक्का पसरून, सौम्य लागतो. फक्त ‘वीस म्हणजे कमी धक्का’ असं समीकरण मांडू नये. बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा दस्ता, लांब किंवा आखूड असेल आणि गाल त्यावर नीट टेकत नसेल, तर कुठल्याही बोअरची बंदूक गालफड सुजवते. नवशिक्याच्या तक्रारींपैकी बर्‍याच बोअरच्या नसतात, बटाच्या असतात.

तबकड्यांसाठी: नियमानंच निम्मं उत्तर दिलंय

ऑलिंपिकमध्ये तबकड्यांचे दोन मुख्य खेळ आहेत. ट्रॅपमध्ये जमिनीखालच्या खंदकात पंधरा यंत्रं असतात. त्यातलं कुठलं तबकडी सोडेल हे नेमबाजाला माहीत नसतं, आणि तबकडी त्याच्यापासून दूर पळते. स्कीटमध्ये दोन बाजूंना दोन घरं असतात, एक उंच आणि एक ठेंगणं, आणि तबकड्या समोरून आडव्या जातात. राज्यवर्धनसिंग राठोडनं २००४ला अथेन्समध्ये रौप्य मिळवलं तो डबल ट्रॅप, म्हणजे एकदम दोन तबकड्यांचा ट्रॅप. तो प्रकार २०१६च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेला. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघानं ट्रॅपचं सुवर्ण घेतलं होतं.

तबकडीचा व्यास ११० मि.मी., वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे साधारण पुरणपोळीच्या लाटीहून थोडी मोठी, चुनखडीच्या भुकटीची आणि पिचची, म्हणजे डांबरासारख्या पदार्थाची. ती फोडायला दोन-तीन छर्रे लागले तरी पुरतात.

आंतरराष्ट्रीय नियम सांगतो: बोअर बारापेक्षा मोठा नको, काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे नकोत, छर्रा साधारण अडीच मि.मी.पर्यंतचा. बारापेक्षा लहान बोअर चालतो, बंदी नाही. पण कोण कशाला वापरेल? २४ ग्रॅम हे वजन बारा बोअरच्या बुटक्या राशीला अगदी सुखाचं, आणि वर जड बंदूक. एका तबकडीनं पदक जातं तिथं दाटी आणि सौम्य धक्का दोन्ही एकाच बंदुकीत मिळत असताना, वीस बोअर घेऊन उभं राहणं म्हणजे हौस.

चोक मात्र खेळानुसार बदलतो. स्कीटमध्ये तबकडी वीस मीटरच्या आसपास फुटते, म्हणून सैल चोक आणि दोन मि.मी.चे बारीक छर्रे. ट्रॅपमध्ये बार पस्तीस मीटरच्या आगेमागे लागतो, म्हणून आवळलेला चोक आणि २.४ मि.मी.

अमेरिकेत स्कीट चारही बोअरांत वेगवेगळी खेळतात: बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशेदहा. तिथं अठ्ठावीस बोअरवर लोकांचं विशेष प्रेम आहे. २१ ग्रॅम छर्रे, मऊ धक्का, आणि वीस मीटरवर दाटी पुरेशी. स्कीटच्या अंतरावर अठ्ठावीस बोअर बारापेक्षा फार मागं पडत नाही, यावरून वर सांगितलेल्या छर्‍यांच्या गणिताची खात्री पटते. चारशेदहा तिथं जाणकारांची बंदूक समजतात. आपल्याकडे लहान मुलाला ‘छोटी बंदूक’ म्हणून चारशेदहा हातात द्यायची कल्पना लोकांना सुचते, ती उलट आहे. छर्रे कमी, चुका जास्त, आणि मूल दोन दिवसांत कंटाळतं.

आणि पक्षी?

भारतात याचं उत्तर एका वाक्यात: पक्षी मारायचे नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सुरुवातीला काही प्राण्यापक्ष्यांसाठी परवान्यावर शिकार ठेवली होती. १९९१च्या दुरुस्तीनं ते परवाने गेले. कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. सापळा लावणं, आमिष टाकणं, मारायचा प्रयत्न करणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं, सगळं त्यात येतं. ‘आमचे आजोबा खाडीवर बदकं मारायचे’ हे खरं असेल. त्यांच्याकडे त्या काळचा परवानाही असेल. नातवाला तो मिळणार नाही. शेतीचं नुकसान करणार्‍या रानडुकरांसाठीच्या परवानग्या हा निराळा विषय, आणि त्यात पक्षी येत नाहीत.

जिथं शिकार कायदेशीर आहे त्या देशांत राहणार्‍या मराठी माणसांसाठी हिशेब असा. होले आणि लावे लहान, जवळून उठणारे. त्यांना वीस किंवा अठ्ठावीस बोअर भरपूर. दिवसभर रानात चालायचं असेल तर अर्धा-पाऊण किलो कमी वजन संध्याकाळी कळतं, आणि बार मोजकेच काढायचे असल्यानं धक्क्याचं वर सांगितलेलं गणित तिथं तितकंसं बोचत नाही. फेझंटसाठी (हा कोंबड्याएवढा रानपक्षी) बारा, सोळा, वीस तिन्ही चालतात. सोळा बोअर हा जुना, समतोल प्रकार. युरोपात अजून दिसतो, पण काडतुसं शोधत हिंडावं लागतं.

बदकं आणि हंसांचं मात्र वेगळं झालं, आणि ते शिशामुळे. पाणथळ जागी पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेनं मरतात. म्हणून अमेरिकेनं १९९१पर्यंत देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसं बंद केलं. युरोपियन युनियननं पाणथळ जागांसाठी तेच २०२३मध्ये केलं. शिशाच्या जागी बहुतेक ठिकाणी पोलाद आलं. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छर्रा लवकर मंदावतो, म्हणून तो दोन नंबरांनी जाड घ्यावा लागतो, आणि जाड छर्रे पुरेशा संख्येनं बसवायला काडतुसात जागा लागते. जागा कुठं? बारा बोअरमध्ये, तीही तीन इंची लांब काडतुसात. पाणपक्ष्यांसाठी आज सगळे बाराकडे वळतात ते याच कारणानं.

मोठा बोअर म्हणजे नेहमीच सरस, असं मात्र नाही, आणि याचा एक पुरावा मुंबईतच आहे. १८८३ला स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पक्ष्यांच्या जुन्या कातड्यांचा संग्रह आहे. दुर्बिणी आणि कॅमेरे हाताशी येण्याआधी पक्षिशास्त्र बंदुकीच्याच वाटेनं चालत होतं. नमुना हवा तर पिसं आणि कातडी शाबूत हवी, म्हणून त्या काळचे संग्राहक लहान पक्ष्यांसाठी बारीक बोअर आणि भुकटीसारखे छर्रे वापरत. बारा बोअरच्या चार नंबरनं चिमणीएवढ्या पक्ष्याचं काही उरलंच नसतं.

वीसचं काडतूस बाराच्या नळीत गेलं तर

लेखात हे एकच वाचलं तरी चालेल. बारा बोअरच्या चेंबरमध्ये (नळीचा मागचा रुंद भाग, जिथं काडतूस बसतं) चुकून वीस बोअरचं काडतूस टाकलं, तर ते लहान असल्यानं पुढं घसरतं. पण त्याच्या बुडाची कड बारा बोअरच्या भोकाहून मोठी असते, म्हणून चेंबर संपून नळी अरुंद होते तिथं ते अडकतं. मागून बघणार्‍याला चेंबर रिकामा दिसतो. त्याला वाटतं काडतूस घालायचं राहिलं. तो बारा बोअरचं घालतो आणि चाप ओढतो. पुढं बूच बसलेलं, मागून बार. नळी फुटते, आणि ती फुटते तिथं पुढचा हात असतो.

म्हणून वीस बोअरची काडतुसं पिवळी बनवायची प्रथा पडली. पिवळं दिसलं की वीस. दोन बोअरच्या बंदुका एका घरात असतील, तर काडतुसं एका खिशात, एका पिशवीत कधीही नकोत.

मुंबईत राहून निवडायची म्हणजे

इथं बंदूक निवडणं म्हणजे आधी कागद. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तालयाकडून, जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयाकडून. परवान्यावर बंदुकीचा बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो, आणि काडतुसं त्याच बोअरची मिळतात. आज वीस घेतली, पुढच्या वर्षी बारा बरी वाटली, असं मोबाइलसारखं बदलता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. स्पर्धेतल्या नेमबाजांना सवलती आहेत. काडतूस सर्वात सहज मिळतं ते बारा बोअरचंच. तेव्हा भारतात राहून तबकड्या मारायच्या असतील तर माझं उत्तर साधं आहे: बारा बोअर, जड बंदूक, चोवीस ग्रॅम, आणि पैसे उरले तर बट मापाचा करून घ्या.

जागेचा प्रश्न राहतोच. बारीक छर्रेही दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात, म्हणजे तेवढी मोकळी, निर्मनुष्य जमीन समोर हवी. मुंबईत तेवढी जागा बिल्डरच्या नजरेतून सुटणं अवघड. देशातली नावाजलेली तबकड्यांची रेंज दिल्लीला तुघलकाबादची, १९८२च्या आशियाई स्पर्धेसाठी बांधलेली; तिला बिकानेरच्या डॉ. करणीसिंग यांचं नाव आहे. १९६२ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवणारे ते हेच.

गावच्या घरातली जुनी दुनळी वापरता येईल का, हे बरेच जण विचारतात. परवानाधारक गेल्यावर ती नुसती कपाटात ठेवणं गुन्हा ठरू शकतो. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. ते झाल्यावर नळी उघडून खालच्या बाजूचे शिक्के बघा. जुन्या इंग्रजी बंदुकीवर पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकारात ‘१२’ आणि त्याखाली इंग्रजी ‘सी’ हे अक्षर असा शिक्का असतो. तो सांगतो बोअर बारा. चेंबर किती लांब, हे वेगळं मोजावं लागतं. कित्येक जुन्या बंदुकांचा चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मि.मी.चा असतो. आजचं ७० मि.मी.चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण घड्या घातलेलं काडतूस आखूड असतं. ७० ही त्याची उलगडलेली लांबी. बार उडताना तोंड उलगडतं, पुढं जागा नसते आणि दाब वाढतो. शिवाय नळीवर लोखंडात लहरींची नक्षी दिसली तर ती पट्ट्या पिळून-ठोकून केलेली दमास्कस नळी असू शकते. अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या, आणि आजची बिनधुराची दारू त्यातल्या बर्‍याच जणींना सोसत नाही. कागदोपत्री ती बारा बोअरच. जाणकार बंदूककाराला दाखवून, मोजून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नये.